हौसाची गोळी आणि केरबाच्या गाठी

सोनाळवाडीत केरबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. किती भोळा? कुणी म्हणालं, "केरबा, जरा बैलांवर लक्ष ठेव," की तो बैलांवरची नजर काढायचा नाही. एकदा असाच बांधावर बसला होता. बैल झाडाखाली रवंथ करत होते आणि त्याच्या पाठीमागं शेजारच्या शेळ्यांनी सगळा भुईमूग खाल्ला. लोक ओरडत आले. केरबा शांतपणे म्हणाला, "बैल जागचे हलले न्हाईत. मोजून घ्या."

मनानं मात्र फार मायाळू. त्याची बायको हौसा त्याला चांगली ओळखून होती. काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ती म्हणायची, "गाठ मारा." केरबा डोक्याचा पटका सोडायचा, शेवाला गाठ मारायचा आणि पटका परत बांधायचा. एकदा गाठ मारली की ती गोष्ट तो विसरायचा नाही. ती गोष्ट कुठं लावायची, एवढंच त्या गाठीला कळायचं नाही.

हौसाला साठावं लागलं होतं. एका सकाळी तिनं पाण्याची घागर उचलली आणि मनगटात कट्‌ असा आवाज झाला. घागर तशीच राहिली, मनगट मोडलं. केरबानं गाडीत दोन गोधड्या अंथरल्या, बैल जुंपले आणि तिला चार मैलांवर तालुक्याच्या गावी डॉक्टर शिरगाव्यांकडं नेलं.

डॉक्टरांनी हाताला प्लास्टर घातलं. हाडांचा फोटो उजेडात धरून बघितला आणि मान हलवली. "मावशी, हाडं ठिसूळ झालीत. कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करायच्या. आणि पडायचं नाही. आता पडलात तर खुब्याचं हाड मोडेल, मग अंथरूण धरावं लागेल."

हौसा म्हणाली, "डॉक्टर, माझी मंगल चैत्रात बाळंतपणाला येणार हाय. पहिलंच लेकरू. मला पाय पसरून बसायचंय, नातवंडाला पायावर पालथं घालून न्हाऊ घालायचंय. तेवढी हाडं धड करून द्या, मग काय मागत न्हाई."

"गोळ्या नेमानं घेतल्यात तर जमेल," डॉक्टर म्हणाले.

आता हौसाच्या पोटाची गोष्ट अशी, की ते फार नाजूक. वांगं खाल्लं तर जळजळायचं. हरभरा खाल्ला तर फुगायचं. एखाद्याच्या घरचा चहा जरा कडक झाला तरी घरी येईपर्यंत गुरगुरत राहायचं. त्यात ही गोळी पांढरी, जाडजूड, पाटीवर लिहायच्या खडूसारखी.

केरबा डॉक्टरांना म्हणाला, "गोळी कवा द्यायची?"

डॉक्टर घाईत होते. म्हणाले, "रोज एक."

केरबा पहाटे कोंबडा आरवायच्या आधी उठला. त्याला वाटलं, रोज म्हणजे दिवस सुरू झाला की लगेच. हौसाला हलवून उठवलं आणि गोळी तिच्या तोंडात घातली. चार दिवस असं झालं. पाचव्या दिवशी हौसाचं पोट ढोलासारखं तटतटलं.

केरबा गाडी जुंपून डॉक्टरांकडं गेला. डॉक्टरांनी विचारलं, "रिकाम्या पोटी देता काय? अहो, ही गोळी तशी द्यायची नसते. आधी पोटभर जेवण, मग गोळी. लक्षात ठेवा."

"ठेवलं," म्हणून केरबानं पटका सोडला आणि पहिली गाठ मारली.

त्यानंतर हौसा जेवून गोळी घ्यायला लागली. पोट फुगायचं थोडं कमी झालं, पण आता कोठा बांधला गेला. तीन-तीन दिवस परसाकडं होईना. शेजारच्या शेवंताकाकू म्हणाल्या, "गोळ्या कशाला? गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा." हौसा म्हणाली, "काकू, चटणीनं माझ्या पोटात आग पडते. चुना खाऊन पोटाला रंग देऊ काय?"

केरबानं हे डॉक्टरांना कळवलं, तसा त्यांनी निरोप धाडला, "उद्या सकाळी घेऊन या. एकदा रक्त तपासू."

सकाळी केरबानं हौसापुढं ताट मांडलं. तीन भाकरी, पिठलं, वर दही.

"अहो, एवढं कुठं? गाडीत हिसके बसून वर यायचं."

"डॉक्टरचं काम हाय. आधी पोटभर जेवण. गाठ हाय माझी," केरबा म्हणाला. तिसरी भाकरी संपेपर्यंत तो समोरून हलला नाही.

रक्त तपासणाऱ्यानं सुई हातात घेतली आणि विचारलं, "मावशी, उपाशी आहात ना?"

हौसाला ढेकर आला.

तपासणाऱ्यानं सुई खाली ठेवली. "अहो पाव्हणं, अंगातून काही काढायचं असेल तर आदल्या रात्रीपासून पोटात अन्नाचा कण जाता कामा नये. एवढं कळत नाही? उद्या या."

"सांगितल्यावर कळतं," केरबा म्हणाला आणि दुसरी गाठ मारली. अंगातून काही काढायचं, तर रात्रीपासून उपाशी.

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. ते बघून डॉक्टर म्हणाले, "सकाळच्या उन्हात बसत चला. आणि घरचं दूध-ताक पोटाला मानवत असेल तर घ्या. गोळीचं काय करायचं ते बघतो."

घरी चंद्री नावाची म्हैस होती. तिची धार हौसाच काढायची. पण हौसाचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून ते काम आता केरबाकडं आलं. केरबानं विचार केला. रक्त अंगातून काढतात. दूधही अंगातूनच काढतात. गाठ तर मारलेली आहे. त्यानं संध्याकाळी चंद्रीपुढचा सगळा चारा उचलून नेला. चंद्री रात्रभर हंबरत राहिली. केरबा तिला आतून ओरडून सांगायचा, "सकाळपर्यंत कळ काढ बाई. हौसानंबी काढली."

सकाळी तो चरवी घेऊन खाली बसला. चंद्रीनं एकदा मागं वळून त्याच्याकडं बघितलं. मग चरवी गेली उकिरड्यावर आणि केरबा गेला शेणाच्या पाटीत.

शेवंताकाकू कुंपणावरून बघत होत्या. "केरबा, आरं, उपाशी म्हस दूध देईल काय? जिच्याकडनं काढून घ्यायचं तिला आधी पेंड चारावी. पाठीवरनं हात फिरवावा. गोड बोलावं, सोन्या म्हणावं, राजा म्हणावं. मग ते आपसूक सोडतंय."

शेणानं भरलेला पटका धुऊन केरबानं त्याला तिसरी गाठ मारली.

त्या दिवसापासून चंद्री पेंड खाऊन, हात फिरवून घेऊन चरवीभर दूध द्यायला लागली. ताक हौसाला मानवलं. केरबाला वाटलं, आपल्याला आता कळायला लागलं.

पुढच्या बाजाराला डॉक्टर परगावी गेले होते. हौसा म्हणाली, "निदान औषधाच्या दुकानात तरी विचारा. पोटाला सोसेल अशी दुसरी कसली गोळी असती काय म्हणावं. पण पारिसअण्णा फार कडक माणूस. त्याच्याकडनं एक गोळी काढायची म्हणजे अवघड काम."

"अवघड न्हाई," केरबा म्हणाला. "मला रीत म्हायती हाय."

पारिसअण्णांचं दुकान तालुक्यात जुनं. अण्णा खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. केरबा काउंटरची फळी उचलून सरळ आत गेला. धोतराच्या सोग्यातून त्यानं पेंडीचा मूठभर तुकडा काढला आणि अण्णांच्या तोंडापुढं धरला.

"हे काय आहे?"

"सरकी पेंड. ताजी हाय."

"बाहेर हो!"

केरबानं अण्णांच्या पाठीवरून हळूहळू हात फिरवायला सुरुवात केली. मानेपासून कमरेपर्यंत. "हो, हो. शांत. माझा सोन्या. माझा राजा. सोड बघू एक गोळी. सोडतोस न्हवं?"

दुकानात दहा गिऱ्हाइकं उभी होती. एक म्हातारा हसता हसता खाली बसला. एका बाईनं पदर तोंडात कोंबला. अण्णांनी उठून केरबाला काउंटरच्या बाहेर ढकललं, तसा केरबा म्हणाला, "लाथ मारू नको राजा, चरवी आणलेली न्हाई."

अण्णा म्हणाले, "हे बघ! समोरच्याला काहीतरी हवं असतं, आपल्यालाही काहीतरी हवं असतं. अशा वेळी माणसानं चार हात लांब उभं राहावं. हात मागं बांधावेत. गप्प राहावं. अंगाला बोट लावायचं नाही! समजलं?"

"समजलं," केरबा म्हणाला. तिथंच, चार हात लांब उभं राहून त्यानं चौथी गाठ मारली. मग हात मागं बांधून गप्प उभा राहिला, ते दिवे लावायची वेळ होईपर्यंत. शेवटी तो जावा म्हणून अण्णांनीच त्याच्या हातावर एक बाटली ठेवली. "ही चघळायची गोळी. मोठी आहे, एकीतच दिवसाचं सगळं कॅल्शियम. पण डॉक्टरांना विचारूनच दे, बाबा."

अण्णा शेवटचं वाक्य बोलेपर्यंत केरबा बैल जुंपून निघालाही होता.

हौसानं ती गोळी दोन दिवस चघळली. तिसऱ्या दिवशी तिच्या पोटात अशा कळा आल्या, की तिनं जेवण सोडलं. दोन दिवस नुसत्या ताकावर काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उन्हात बसायला म्हणून अंगणात आली आणि तिला भोवळ आली. डोळ्यांपुढं अंधार. दोन्ही हात पुढं करून ती ओरडली, "अहो! अहो, धरा मला! पडते मी!"

केरबा गोठ्याच्या दारात होता. तो धावलाच होता. तेवढ्यात त्याला गाठ आठवली. समोरच्याला काहीतरी हवं आहे. तो थांबला. अंदाजानं चार हात मोजले, एक पाऊल मागं घेतलं, हात पाठीमागं बांधले आणि गप्प उभा राहिला. त्याचे डोळे मात्र पाण्यानं भरले होते. पण गाठ ती गाठ.

हौसानं मांडवाची मेढ धरली. मेढीवरून ती हळूहळू घसरत गेली आणि नशिबानं खाली कडब्याचा भुसा पडलेला होता, त्यावर अलगद बसली. हाड मोडलं नाही. ती तशीच बसून राहिली आणि नवऱ्याकडं बघत राहिली.

"बोला की आता."

"बोलू?"

"बोला."

"लागलं काय गं हौसा?" असं म्हणून केरबा ढसढसा रडायला लागला.

हौसाला राग यायला हवा होता. तो आला नाही. ती म्हणाली, "इकडं या. बसा. आणि हे नीट ऐका. माणूस वाकलं, झुकलं, पडायला लागलं, की धावत जायचं. कमरेला मिठी मारायची. घट्ट. मी सोडा म्हणेपर्यंत सोडायचं न्हाई. माझी मंगल येणार हाय, माझी हाडं धड राहायला पायजेत. मारा गाठ."

केरबानं पाचवी गाठ मारली. इतकी घट्ट, की पटक्याचा धागा तुटला.

"आता डॉक्टरांकडं जा," हौसा म्हणाली. "सांगा, ही तिसरी तऱ्हा झाली. माझ्या पोटाला सोसेल अशी गोळी द्या, न्हाईतर तसं सांगा."

केरबा दवाखान्यात पोचला तेव्हा दुपार झाली होती. बाकावर सात-आठ रोगी होते. डॉक्टर शिरगावे सकाळपासून उभे होते, जेवलेही नव्हते. केरबा आत आला आणि त्याच वेळी डॉक्टरांच्या हातातून लेखणी खाली पडली. डॉक्टर उचलायला वाकले.

केरबानं बाकावरून पलीकडं उडी मारली. रोग्यांच्या अंगावरून गेला. डॉक्टरांच्या कमरेला मिठी मारली.

"अरे! काय हे? सोडा!"

"तुमी म्हणून चालत न्हाई."

"केरबा, सोडा म्हणतो ना!"

"हौसानं म्हणायला पायजे."

"ती कुठं आहे?"

"घरी."

कंपाउंडर धावत आला. त्यानं एक हात ओढला. रोग्यांनी दुसरा ओढला. बाकावरचा एक पहिलवान एक हात गळ्यातल्या झोळीत अडकवून बसला होता, त्यानं धडक्या हातानं ओढून बघितलं. पण जन्मभर नांगर धरलेले हात ते. जितकं ओढावं तितकी मिठी घट्ट व्हायची. डॉक्टरांचा श्वास अडकायला लागला. शेवटी ते म्हणाले, "थांबा, ओढू नका. माझ्याच फासळ्या मोडतील. याची गाडी कुठं आहे?"

कंपाउंडरनं आणि रोग्यांनी मिळून दोघांना उचललं आणि गाडीत बसवलं. औषधाची पेटी मागं ठेवली. म्हणाला, "साहेब, पेटी राहू द्या जवळ. गरज पडली तर."

"कुणाला?" डॉक्टरांनी विचारलं.

केरबाचे दोन्ही हात गुंतलेले. त्यामुळं कासरा डॉक्टरांनी धरला. जन्मात कधी बैल हाकले नव्हते. पण बैलांना घर माहीत होतं. वाटेत रानातली माणसं कमरेवर हात ठेवून बघत राहिली. एकानं विचारलं, "डॉक्टर, कुठं?" डॉक्टर म्हणाले, "व्हिजिटला." केरबा त्यांच्या पाठीला गाल लावून म्हणाला, "घाबरू नका. मी हाय."

हौसा अंगणात बसली होती. तिनं गाडी बघितली. गाडीत डॉक्टर बघितले. डॉक्टरांच्या पोटावर आपल्या नवऱ्याचे हात बघितले. तिनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "सोडा."

केरबानं लगेच सोडलं. डॉक्टर गाडीतून उतरले आणि पहिला पूर्ण श्वास घेतला.

हौसानं त्यांना पाट दिला, भाकरी दिली, चंद्रीचं ताक दिलं. डॉक्टर पोटभर जेवले. मग आता आलोच आहोत तर म्हणून त्यांनी सगळं नीट बघितलं. पहिली गोळी बघितली. अण्णांची बाटली बघितली. कुठली गोळी कधी घेतली, त्यावर काय खाल्लं, कुठं दुखलं, सगळं विचारलं. दवाखान्याच्या गर्दीत एवढं विचारायला त्यांना कधी वेळ मिळाला नसता.

"मावशी, चूक माझीच आहे," ते म्हणाले. "तुमच्या पोटाला या गोळ्यांची जातच चालणार नाही." त्यांनी पेटीतून एक पाकीट काढलं. "ही घ्या. हिला सिट्रेट म्हणतात. ही पोटाला सौम्य असते. फुगत नाही, कोठा बांधत नाही. मात्र एक नियम पाळायचा." ते केरबाकडं वळले. "तुम्हीही ऐका. सगळं एकदम करायचं नाही. सगळं एकदम सोसत नाही. अर्धं संध्याकाळी, उरलेलं अर्धं सकाळी. मध्ये रात्रभर थांबायचं. म्हणजे कसलाही त्रास न होता सगळं व्यवस्थित पोचतं."

केरबानं पटका सोडला. सहावी गाठ मारली.

ती गोळी हौसाला मानवली, हे इथंच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कुणाच्या जीवाला घोर नको. चैत्रात मंगल आली, तिला मुलगी झाली, आणि हौसानं पाय पसरून, पायावर पालथं घालून त्या मुलीला न्हाऊ घातलं. पाणी मंगल ओतायची. केरबाला ओतू दिलं नाही.

पण त्या दिवशी काय झालं, ते राहिलं.

ऊन उतरलं होतं. हौसा म्हणाली, "अहो, डॉक्टरांना गाडीनं सोडून या. दमलेत बिचारे. जपून न्या, त्रास होऊ देऊ नका."

केरबानं गाडीत जास्तीची गोधडी अंथरली. डॉक्टर आडवे झाले. दिवसभराचा शीण, वर पोटात गरम भाकरी. गाडीच्या चाकांचा आवाज ऐकता ऐकता त्यांना गाढ झोप लागली.

तासाभरानं केरबा दोन्ही बैलांचे कासरे हातात घेऊन अंगणात आला. बैल होते. गाडी नव्हती.

हौसा दारात आली. "एवढ्यात आलात? डॉक्टर नीट पोचले न्हवं?"

"अर्धे पोचले," केरबा म्हणाला. "ओढ्याच्या पुलापर्यंत. छान झोपलेत, अंगावर घोंगडं घालून आलोय."

"आणि गाडी?"

"त्यांच्या खाली हाय." केरबानं बैल दावणीला बांधले, त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि मायेनं म्हणाला, "तू काळजी करू नको. उरलेले अर्धे सकाळी पोचवतो. सगळं एकदम सोसत न्हाई."